आजोबांच्या रेडिओची आतडी काढू नका

आजोबांचा मर्फी किंवा बुश 'रिस्टोअर' केला, असं रील टाकतात. बघावं तर चेसिस भंगारात गेलेली आणि रिकाम्या लाकडी खोक्यात ब्लूटूथचं किट. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. पेंढा भरलेला वाघ म्हणजे वाघ नव्हे.

'जुनं चालतच नाही' हे कारण मला पटत नाही. अनेकदा व्हॉल्व्ह शाबूत असतात. निकामी होतात ते कंडेन्सर. ते बदलायचे, सुटलेलं सोल्डरिंग पुन्हा करायचं, आणि सिरीजमध्ये बल्ब लावूनच वीज द्यायची. आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये उरतो. म्हणून पहिला सेट जाणत्या मेकॅनिकशेजारी बसूनच उघडा.

व्हॉल्व्हच्या 'ऊबदार' आवाजाची आरती मी ओवाळत नाही. ती ऊब बरीचशी विकृतीच असते, फक्त कानाला गोड लागणारी. माझा मुद्दा वेगळा आहे. हा सेट उघडता येतो. चार स्क्रू काढले की प्रत्येक भाग दिसतो, मोजता येतो, बदलता येतो. तुमच्या फोनची बॅटरी मात्र बहुधा गोंदाने चिकटवलेली आहे. ती वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, यासाठी युरोपीय संघाला २०२३ मध्ये नियम करावा लागला.

वस्तू विकत घेणाऱ्याला ती दुरुस्तही करता यायची, याचा पुरावा तुमच्या माळ्यावर पडलाय. तोच नष्ट करून वर लाइक्स मागायचे?

ब्लूटूथ हवाय ना? प्लायवूडचा खोका करा, स्पीकर बसवा, खुशाल वाजवा. रेडिओला रेडिओ राहू द्या.