वजन, वारा आणि धावपट्टी

हलक्या विमानाची भारमर्यादा कारखानदाराने हात राखूनच ठरवलेली असते, थोडे इकडेतिकडे चालते, असा एक सोयीस्कर समज आहे. साधे गणित तो खोटा ठरवते. वजन वाढले की जमीन सोडण्यासाठी वेग अधिक लागतो, आणि जडावलेले विमान तो वेग गाठतेही सावकाश. हे दोन्ही तोटे एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. म्हणून वजन 10 टक्क्यांनी वाढले की उड्डाणाचे अंतर सुमारे 20 टक्क्यांनी वाढते. सेसना 172 एन या विमानास 2,300 पौंडांचा पूर्ण भार असताना, समुद्रसपाटीवर, प्रमाण हवामानात व निवाऱ्यात, 50 फूट उंची गाठेपर्यंत 1,440 फूट लागतात. भार दशांशाने वाढवला तर त्यात जवळजवळ 300 फुटांची भर पडते. ऊन आणि ओले गवत यांची आकारणी निराळीच.

वाऱ्याचा हिशेब याहून विषम आहे. पंखांना जमिनीशी कर्तव्य नसते, हवेशी असते. त्यामुळे समोरचा वारा काही वेग आयताच पदरात टाकतो, पाठीचा वारा तो हिरावून घेतो. तथापि याच विमानाची पुस्तिका समोरच्या दर 9 नॉट वाऱ्यामागे अंतरात 10 टक्के सूट देते, आणि पाठीच्या अवघ्या 2 नॉटांमागे 10 टक्के वाढ धरते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा सल्लाही त्याच वळणाचा आहे: अनुकूल वारा निम्माच मोजावा, प्रतिकूल वारा दीडपट. जपून संसार करणाऱ्या कोणालाही ही जमाखर्चाची रीत नवी वाटू नये.

25 ऑगस्ट 2001 रोजी बहामा बेटांवरील मार्श हार्बर येथून निघालेले सेसना 402 बी हे भाड्याचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि अमेरिकन गायिका आलियासह त्यातील नऊही जण मृत्युमुखी पडले. भार मर्यादेपेक्षा सुमारे 700 पौंडांनी अधिक होता व तो मागे एकवटला होता, असे चौकशीत आढळले. धावपट्टी पुरली म्हणजे भार पेलला, असे होत नाही.

भाड्याच्या विमानात गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात, सामान विमानापाशी येऊन पडलेले असते, आणि नकार द्यायचा असतो तो ज्याची रोजीरोटी त्याच गिऱ्हाइकावर चालते त्या वैमानिकाने. केवळ त्याच्या धैर्यावर भिस्त ठेवणे हा शहाणपणा नव्हे. प्रवासी व सामान प्रत्यक्ष काट्यावर तोलावे, नोंदीची एक प्रत विमानतळावर ठेवावी, आणि जादा बोजा उतरवल्याने फेरी रद्द झाली तरी वैमानिकाचे त्या दिवसाचे वेतन बुडू नये, एवढी तजवीज मालकांकडून सक्तीने करून घेतली पाहिजे.