विजेच्या मैदानी गाडीस ओझें ओढावयास लावण्यापूर्वीं

गोल्फ कार्ट या नांवानें ओळखली जाणारी विजेची चारचाकी गाडी विश्रामधामें, इस्पितळें, विद्यापीठें व मोठ्या वसाहती यांच्या आवारांत वापरून जुनी झाली म्हणजे विक्रीस निघते. ती घ्यावयाची, मागें आंकडा बसवून ट्रॉली जोडावयाची, आणि बागेंतील पेट्या, खत व पाण्याच्या टाक्या तिजकडून ओढून घ्यावयाच्या, असा बेत आमच्या बाजूचे कांहीं बागायतदार करूं लागले आहेत. बेत वाईट नाहीं. धूर नाहीं, कर्कश आवाज नाहीं, घरांतील वृद्ध मनुष्य अथवा स्त्री ती सहज चालवूं शकते, व ट्रॅक्टर जेथें वळत नाहीं तेथें ती वळते. परंतु हा बेत करणारा जो तो प्रथम विचारतो तें इतकेंच कीं, मोटर मोठी कोणती बसवावी? आमच्या मतें हा प्रश्न सर्वांत शेवटीं विचारावयाचा आहे. ओढलेलें ओझें उतारावर थांबवावयाचें कशानें, हें आधीं ठरलें पाहिजे.

ही गाडी मुळांत कशासाठीं निर्माण झाली हें ध्यानांत असावें. अमेरिकेंत १९५४ सालीं ई-झेड-गो व १९५८ सालीं क्लब कार या कंपन्या निघाल्या आणि पुढें त्यांच्या गाड्या जगभर पसरल्या. दोन खेळाडू व त्यांच्या काठ्यांच्या दोन पिशव्या हिरवळीवरून सावकाश नेणें, एवढेंच त्या गाडीचें काम. माणसें धरून साधारण साडेतीनशें किलोंचा भार तिनें अंगावर वाहावा अशी तिची घडण असते. आपणांकडे मिळणाऱ्या गाड्याही बहुधा याच वळणाच्या आहेत. घोड्यास नांगराला जुंपूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. जुंपण्यापूर्वीं घोड्याची हाडें पाहावीं, एवढेंच म्हणणें आहे.

आतां हिशेब पाहूं. गाडी व चालविणारा मिळून ५५० किलो, ट्रॉली १५० किलो, आणि वीस-वीस किलोंच्या पंचवीस पेट्या म्हणजे ५०० किलो. एकूण १२०० किलो. दाबून बसलेल्या मुरमाच्या सपाट वाटेवर हें सर्व चालतें ठेवण्यास सुमारें ४० किलोंची ओढ पुरते. दहा फुटांस एक फूट असा चढ लागला कीं त्यांत आणखी १२० किलोंची भर पडून ओढ १६० किलोंवर जाते. नांगरलेल्या मऊ जमिनींत तर चढ नसतांनाही जवळजवळ तितकीच ओढ लागते. चांगली बैलजोडी दिवसभर ऐंशी ते शंभर किलोंची ओढ देते. यावरून वाचकांस अंदाज येईल. ताशीं दहा किलोमीटर वेगानें हा चढ चढावयाचा तर चाकांपाशीं सहा अश्वशक्ति हव्यात, आणि या गाड्यांच्या मोटरींवर सततच्या कामासाठीं लिहिलेला आंकडा बहुधा तीन-चार अश्वशक्तींचा असतो. ४८ व्होल्टच्या गाडींत सपाटीवर ३० ॲम्पियरच्या आसपास असणारा प्रवाह चढावर १२० च्या घरांत जातो. प्रवाह दुप्पट झाला तर तारांतील व मोटरींतील उष्णता चौपट होते. चढ शंभर-दोनशें फुटांचा असेल तर मोटर तें सोसते. मैलभर असेल तर सोसणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, म्हणूनच तर मोठी मोटर पाहिजे. परंतु मोटरीनें दिलेला जोर जमिनीवर उतरतो तो चाकांच्या पकडीनें. या गाडीचीं मागचीं दोनच चाकें ओढतात. ५५० किलोंपैकीं सुमारें सवातीनशें किलो त्या चाकांवर येतात, आणि कोरड्या घट्ट मुरमावर पकड या भाराच्या निम्म्याहूनही थोडी कमी, म्हणजे दीडशें किलोंच्या आसपास मिळते. आपणांस हवी आहे १६०. मोटर दुप्पट केली तरी चाक जागच्या जागीं फिरेल आणि मुरूम उकरील. पाऊस पडून गेल्यावर तर बोलावयासच नको. हलकी म्हणून लिथियमची बॅटरी बसविणाऱ्यांनीं हें विशेष पाहावें. शिशाच्या सहा जड बॅटऱ्या मिळून पावणेदोनशें किलो भरतात व त्या बैठकीखालीं असल्यानें चाकांस दाब देतात. त्यांच्या जागीं पन्नास किलोंची पेटी आली कीं तो दाब गेला. खेळाच्या मैदानावर जो गुण, तोच ओढीच्या कामांत अवगुण ठरतो. शोभेसाठीं उंच चाकें बसविण्याची जी चाल आहे तीही अशीच. १८ इंची चाकाऐवजीं २२ इंची चाक घातलें म्हणजे त्याच मोटरीची ओढ जवळजवळ पांचवा हिस्सा घटते. ओढावयाचें असेल त्यानें चाकाची उंची मूळचीच ठेवावी आणि टायर मात्र खोल खांचांचे घ्यावे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. बैल उतारावर स्वतः भार तोलून धरतो. धुरकऱ्यानें कासरा आंखडला कीं जोडी पाय रोवते. विजेच्या गाडीस ही उपजत बुद्धि नाहीं. गेल्या हंगामांत शेजारच्या गांवीं एका मळ्यांतून भरलेली ट्रॉली घेऊन अशी गाडी ओढ्याकडे उतरत होती. ट्रॉलीनें मागून ढकलिलें, गाडी आडवी फिरली आणि बांधावरून कलंडली. चालविणारा सोळा वर्षांचा मुलगा होता. मांडीचें हाड दोन ठिकाणीं मोडून तो चार महिने अंथरुणावर होता व अद्याप लंगडतो. त्या गाडींत त्याच महिन्यांत मोठी मोटर बसविली होती. ब्रेक मात्र जुनेच, मागच्या दोन चाकांपुरते, तारेनें ओढले जाणारे! ज्या ब्रेकांनीं पांचशें किलो थांबवावयाचे त्यांच्यावर बाराशें किलो सोपविले, आणि तेंही उतारावर.

यास्तव पहिला खर्च ब्रेकांचा. पुढच्या चाकांस तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बसवितां येतात, ते बसवावे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक असावे. ट्रॉलीची दांडी पुढच्या गाडीवर रेटली गेली कीं त्या रेट्यानेंच ट्रॉलीचे ब्रेक आवळले जातात, अशी एक जुनी व साधी योजना आहे, व कुशल लोहार-फिटर ती करूं शकतो. मोटरीचा प्रकारही पाहावा. मोटरीवर चारही टोंकें जाड असतील तर ती सिरीज पद्धतीची. तिचा जोर सुरुवातीस चांगला, पण उतारावर पाय काढला कीं ती मोकळी धांवते. दोन टोंकें जाड व दोन बारीक असतील तर ती वेगळ्या क्षेत्रप्रवाहाची. ती योग्य कंट्रोलरसह उतारावर स्वतः अडवून धरते व थोडी वीज बॅटरींत परत घालते. उताराची वाट असलेल्या मळ्यासाठीं आम्ही दुसरीच पसंत करूं. मात्र बॅटरी तुडुंब भरलेली असेल तर हें अडविणें क्षीण होतें, म्हणून माथ्यावर राहणाऱ्यानें सकाळच्या पहिल्या फेरींत विशेष जपावें.

आंकड्याविषयीं थोडें. बैठकीमागच्या फळीस अथवा मागच्या दांडीस आंकडा जोडण्याची जी सोपी रीत आहे ती सर्वथा त्याज्य होय. आंकडा चौकटीच्या मुख्य पट्ट्यांस लोखंडी पाटी घालून जोडावा, व त्याची उंची मागच्या आंसाहून अधिक नसावी. उंच आंकड्यास ओढ पडली कीं गाडीचें तोंड उचलतें आणि पुढचीं चाकें सुकाणू मानीत नाहींत. ट्रॉली भरतांना गाडी उलाळ होऊं नये हें तर आपणां सर्वांस बैलगाडीपासून ठाऊकच आहे. येथें प्रमाण इतकेंच कीं, भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा आंकड्यावर यावा. साडेसहाशें किलोंच्या ट्रॉलीचे पासष्ट किलो आंकड्यावर आले म्हणजे मागच्या चाकांची पकडही तितकी वाढते, व शिशाचें ओझें वाहिल्याचें थोडें सार्थक होतें. मागील कमानीस एखादें जादा पान घालावें.

हें झाल्यावर विजेचा भाग. बारीक तारेवर पाणबुडी पंप कमी दाबानें चालून जळतो, हा अनुभव कोणास नाहीं? येथेंही तेंच. मूळच्या १३-१६ चौरस मिलिमीटरच्या तारा काढून ३५ च्या घालाव्या, दोन्ही टोंकें यंत्रानें दाबून घ्यावीं. मग मोठा कंट्रोलर व त्याच्या तोडीचा संपर्क-स्विच. मोटर त्यानंतर, आणि तीही गरज उरली तरच. चढावर गाडी थांबवून केवळ पायानें वीज देत ती धरून ठेवूं नये. फिरत नसलेल्या मोटरींत सर्व प्रवाह कम्युटेटरच्या त्याच दोन-तीन पट्ट्यांतून जातो व त्या जळतात. ब्रेक दाबावा, चाकामागें ठोकळा लावावा.

बॅटरीच्या अंगावरील आंकड्यावर विसंबूं नये. २२५ ॲम्पियर-तास हा आंकडा वीस तासांच्या संथ उपयोगाचा असतो. ७५ ॲम्पियर सतत काढल्यास तीच बॅटरी दोन तास पुरत नाहीं व एकंदर १४५ च्या आसपासच देते. जुनी गाडी घेतांना उभ्या गाडीचें व्होल्ट पाहून उपयोग नाहीं. चढावर भारासह चालवावी व प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. सहांत एक दुबळी असली कीं पांच चांगल्या वायां जातात. लिथियमची घेणाऱ्यानें तिच्या आंतील रक्षक यंत्रणा किती प्रवाह देऊं देते तें लेखी विचारून घ्यावें. १०० ॲम्पियरवर तोडणारी पेटी असेल तर वरच्या हिशेबाप्रमाणें ऐन चढावर ती गाडी उभी करील.

इतकें करूनही मर्यादा राहतेच. भरलेल्या ट्रॉलीचें वजन गाडीच्या वजनाहून फार अधिक होऊं देऊं नये, व उतार तीव्र असेल तेथें निम्मेंच भरावें. टनभर शेणखत ज्यास न्यावयाचें आहे त्यानें लहान ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. तो स्वस्त पडेल.

महसुली नोकरींत पाणंदीचे तंटे पुष्कळ पाहिल्यामुळें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें केवळ बंदिस्त आवारांत वापरण्यासाठीं बनविलेली विशेष गाडी मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळली आहे. पाणंद, शिवरस्ता किंवा गांवचा रस्ता हें बंदिस्त आवार नव्हे. ज्या जागीं जाण्याचा लोकांस हक्क आहे ती त्या कायद्यानें सार्वजनिक जागा होय. नोंदणी व विमा नसलेली गाडी तेथें नेली आणि कोणास इजा झाली, तर भरपाईचा बोजा मालकाच्या मिळकतीवर येऊं शकतो. दोन गटांमध्यें पाणंद असेल तर केवळ ओलांडण्यापुरताही हा प्रश्न उद्भवतो. तसेंच विजेचें. पूर्ण भरणीस सात-आठ युनिटें लागतात, ही कांहीं मोठी रक्कम नाहीं. परंतु पंपासाठीं मंजूर झालेल्या जोडणीवर गाडी भरणें म्हणजे मंजुरीबाहेरचा वापर, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखालीं त्याची आकारणी होऊं शकते. घरच्या मीटरवर रात्रीं भरावी, व भरतेवेळीं शिशाच्या बॅटरींतून निघणारा वायु पेट घेणारा असल्यानें गोठ्यांत किंवा कडब्याजवळ ती उभी करूं नये.