बांधाचा दावा कोर्टात जाण्याआधी

चाकण परिसरात जमिनीचा भाव आता एकराने नव्हे, गुंठ्याने सांगतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेताची एक बाजू ३६३ फूट असेल आणि त्या बाजूचा बांध फक्त तीन फूट सरकला, तर अख्खा गुंठा या मालकाचा त्या मालकाकडे जातो. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीत शेताला लागून कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्यावर तीन फुटांसाठी कोणी गप्प बसेल अशी अपेक्षा करणेच चूक आहे. आपण मात्र या भांडणांचे खापर माणसांच्या स्वभावावर फोडतो. भावकी वाईट, शेजारी लबाड, त्याने बांध कोरला. काही ठिकाणी ते खरेही असते. पण बहुतेक दाव्यांचे मूळ कागदात आहे. जी रेषा नकाशावर कधी नीट आलीच नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी विकायला आपण बिनदिक्कत परवानगी देतो. हद्द कायम केल्याशिवाय खरेदीखताची नोंदणी होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद काय सांगतात ते पाहा. जुनी टिपणे शंकू-साखळीने केलेल्या मोजणीची आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. शेतसारा ठरवायला एवढा नेमकेपणा पुरेसा होता, कंपाउंडची भिंत बांधायला तो पुरत नाही. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले, पण जमिनीवरची वहिवाट बऱ्याच ठिकाणी जुन्याच बांधांनी चालू राहिली. त्यानंतर औद्योगिक वसाहत आली आणि गटांतून गुंठा-दोन गुंठे विकले जाऊ लागले. सातबाऱ्यावर एकाखाली एक नावे चढली, नकाशा मात्र संपूर्ण गटाचा एकच राहिला. दस्तातल्या चतुःसीमा वाचल्या तर पूर्वेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस तमुक यांची, दक्षिणेस रस्ता, एवढेच सापडते. कोणत्या खुणेपासून किती फूट, याचा पत्ता नसतो. अशा दोन प्लॉटधारकांमधली हद्द फक्त विकणाऱ्याने चुन्याने आखून दाखवलेली असते, आणि पहिल्या पावसात ती वाहून जाते.

मग दावा दाखल होतो. मनाई हुकूम, कैफियत, तारखा. भिंत अर्धवट राहते आणि बांधकामासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरूच असतात. शेवटी न्यायालय करते काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेते. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हद्दीच्या वादात हाच मार्ग योग्य ठरवला. थोडक्यात, वकिलाची फी आणि आयुष्यातली वर्षे खर्चून दोन्ही पक्षकार भूकरमापकाच्याच दारात येतात. तिथे आधीच जायला काय हरकत होती?

हरकती आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. मोजणीची तारीख वेळेवर मिळत नाही, तिच्यावर विश्वास नाही, लगतचा खातेदार नोटीस घेऊनही येत नाही. नडीला जमीन विकणारा तोवर थांबणार कसा? म्हणूनच ही सक्ती आधी शासनावर हवी. अर्जापासून ठरलेल्या मुदतीत मोजणी झालीच पाहिजे, आणि चाकणसारख्या पट्ट्यात त्यासाठी जादा भूकरमापक दिले पाहिजेत. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीची, म्हणजे फेरमोजणीची, सोय आजही आहे. उपग्रहाच्या आधारे मोजणारी रोव्हर यंत्रे आली, आता वाद मिटतील, असेही काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. रोव्हर एखादा बिंदू काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक सांगेल. पण टिपण एक सांगते आणि वहिवाट दुसरे, तेव्हा कोणते धरायचे हे यंत्र ठरवू शकत नाही. त्यासाठी दोन्ही शेजारी जागेवर हजर हवेत आणि सर्वांसमक्ष दगड रोवला गेला पाहिजे. त्या दगडालाही कायद्याने किंमत द्यायला हवी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने हद्दीची खूण मुद्दाम उखडणाऱ्याला खुणेमागे जास्तीत जास्त शंभर रुपये दंड ठेवला. गुंठ्याचा आजचा भाव पाहता हा दंड म्हणजे खूण उखडायला मोकळीकच आहे.

तडजोडीचा मार्ग शासनाला ठाऊक नाही असे नाही. २०२३ च्या सलोखा योजनेत, किमान बारा वर्षे एकमेकांची शेतजमीन कसणाऱ्या दोन शेतकऱ्यांना एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. पण तीन फुटांची पट्टी एकाच बाजूला गेली असेल, तर ही योजना लागू होत नाही. खरे भांडण तर तिथेच आहे. संयुक्त मोजणीत दोघांना मान्य झालेली अशी पट्टी नाममात्र शुल्कात नावावर करून देण्याची तरतूद व्हायला हवी. तोवर घेणाऱ्याने इसार देण्यापूर्वी मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा, मागावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या का आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या आहेत का ते पाहावे. नसतील तर विकणाऱ्याला आधी मोजणीचा अर्ज करायला लावावा, भले व्यवहार दोन महिने लांबला तरी चालेल.