जहाजावरच्या जेवणाचा पोशाख

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांमध्ये सुट्टीचा एक नवा प्रकार आला आहे, तो म्हणजे क्रूझची सफर. दुबई, दोहा किंवा लंडनला नोकरीला असलेली मुले आईवडिलांना चार-सहा दिवस जहाजावर घेऊन जातात. मुंबई बंदरातूनही २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे जहाज गोवा आणि लक्षद्वीपकडे जाते. तिकीट हाती येते आणि त्यासोबत कंपनीच्या सूचनाही येतात. मोठ्या परदेशी जहाजांच्या सूचनांमध्ये बहुधा एक ओळ असते, की अमुक रात्र 'फॉर्मल नाइट' किंवा 'गाला नाइट' आहे, प्रवाशांनी त्याप्रमाणे पोशाख करावा.

ही एक ओळ घरात बरेच प्रश्न उभे करते. अब्बांना टाय बांधावा लागेल का? अम्मीची साडी चालेल का? सूनबाईच्या हिजाबला कोणी हरकत घेईल का? घरातल्या तिघा पुरुषांना सूट शिवायचे तर तो खर्च कुठून काढायचा? आणि बऱ्याच वेळा उत्तर न शोधताच ठरते की त्या रात्री आपण खोलीतच काहीतरी मागवून खाऊ. ज्यांच्या सुखासाठी सफर आखली, तेच आईवडील मुख्य दावतीच्या रात्री केबिनमध्ये बसतात. असे होऊ नये, म्हणून ही रीत कुठून आली आणि आज तिचे काय उरले आहे, ते समजून घेऊ.

पेट्या आणि पंगती

पी अँड ओ ही विलायती कंपनी १८४० पासून पूर्वेकडे टपाल आणि प्रवासी नेऊ लागली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन हा बोटीचा प्रवास अगदी रुळला. या बोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला रोज पोशाख बदलून येत. पुरुष काळा कोट आणि कडक कॉलर घालत, बायका लांब झगा घालत. अशाच रिवाजात अटलांटिकवरची मोठी जहाजेही चालत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सूट असे. कारण अगदी साधे होते. पहिल्या दिवशी पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या दिवशी त्या पुन्हा बांधलेल्या असत. पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत: ही केबिनमध्ये हवी, ही प्रवासात लागेल, ही प्रवासात लागणार नाही. जेवणाचे कपडे कोणत्या पेटीत आहेत, हे विसरून चालत नसे.

बघायला हा शिष्टाचार होता, पण त्याच्या पोटात हिशेब होता. रोज रात्री वेगळा पोशाख करायचा तर पेट्या हव्यात, धुलाई हवी, इस्त्री हवी, पैसा हवा. ज्याच्याकडे हे सारे नाही, तो त्या टेबलावरचा नाही, हे एक शब्दही न बोलता कळत असे.

याचा चटका हिंदी प्रवाशांना चांगलाच बसला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी तरुण मोहनदास गांधी मुंबईहून इंग्लंडला निघाले. बोटीवरचे त्यांचे दिवस त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहेत. काटे-चमचे कसे धरायचे ते ठाऊक नव्हते, कोणत्या पदार्थात मांस आहे ते विचारण्याचे धाडस होत नव्हते. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर जातच नसत. घरून आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्ये खाऊन त्यांनी दिवस काढले. बोटीवर ते काळा सूट वापरत. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस तो घालून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! पुढे ज्या माणसाने स्वतःच्या पोशाखाने साऱ्या जगाला विचार करायला लावले, त्यालाही एकेकाळी पोशाखाच्या धाकाने खोलीत बसून खावे लागले होते.

त्याच बोटीवरची आपली माणसे

ही गोष्ट कोकणातल्या घरांना परकी नाही. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर राबणाऱ्या खलाशांमध्ये रत्नागिरीकडचे मुसलमान मोठ्या संख्येने होते. जेवणघरात वाढणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे पुष्कळसे गोव्याचे होते. म्हणजे वर ज्या टेबलांवर कोट आणि झगे मिरवत, ती मांडणारे हात आणि त्या बोटी चालवणारे हात आपल्या किनाऱ्याचेच होते. त्यांचा पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी असे.

त्यांनाही ठरलेला पोशाख होता. निळा लांब अंगरखा, त्यावर भरतकाम, कमरेला लाल रुमाल, डोक्यावर टोपी. सारंगाच्या गळ्यात चांदीची साखळी आणि शिट्टी असे. प्रवासी त्यांच्याकडे कौतुकाने बघत, पण तो पोशाख त्या टेबलावर बसण्यासाठी नव्हता.

गंमत अशी की साहेबांच्या जेवणाच्या पोशाखात एक वस्तू आपलीच होती. डिनर सूटवर कमरेला जो रुंद रेशमी पट्टा बांधतात, त्याला इंग्रजीत 'कमरबंड' म्हणतात. तो शब्द आपला 'कमरबंद'. हिंदुस्थानातल्या उकाड्यात इंग्रज अधिकाऱ्यांना वेस्टकोट सोसेना, तेव्हा त्यांनी कमरबंद उचलला. पुढे तांबड्या समुद्राच्या गरमीत कोटही उतरला. काळी पँट, उघड्या गळ्याचा पांढरा सदरा आणि कमरबंद एवढ्यावर जेवण होऊ लागले. या वेशाला 'रेड सी रिग' असे नावही मिळाले. हवा बदलली की नियम वाकतो, हे साहेबांनाही मान्य होते.

याच अरबी समुद्रावर आणखी एक पोशाख बदलला जात होता. मुंबईहून जिद्दाला जाणारी हाजींची जहाजे १९९५ पर्यंत चालली. त्यांच्यावरही वर्ग होते. वर केबिनवाले असत आणि खाली स्वस्त तिकिटाचे प्रवासी. पण यलमलमचा मीकात जवळ आला की पुकारा होई आणि सारे पुरुष दोन पांढऱ्या चादरींत येत. मग कोण केबिनमधला आणि कोण खालचा, हे कपड्यावरून सांगता येत नसे. एक पोशाख माणसांना वेगळे करण्यासाठी होता, दुसरा एक करण्यासाठी. ज्यांच्या घरातले बुजुर्ग त्या जहाजांनी हजला गेले, त्यांनी हा फरक ऐकलेला आहे.

रीत कशी सैल झाली

१९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारी जेट विमाने सुरू झाली. आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला आणि प्रवासी बोटींचे दिवस भरले. मग जहाजवाल्यांनी समुद्राला रस्ता मानणे सोडले आणि सुट्टीचे ठिकाण बनवले. १९७२ मध्ये मायामीहून निघालेल्या कार्निव्हल कंपनीने मध्यमवर्गीय कुटुंबांना मौजमजेसाठी बोलावले. हे प्रवासी पेट्या आणि नोकर घेऊन येणारे नव्हते. पुढे लोक विमानाने बंदर गाठू लागले आणि विमानात एका बॅगेचे वजन बहुधा २३ किलोपर्यंतच चालते. त्यात चार कडक सूट आणि चार जोडी बूट कुठे मावणार?

२००० मध्ये नॉर्वेजियन कंपनीने ठरलेली पंगत आणि ठरलेले टेबल काढून टाकले. हवे तेव्हा जेवा आणि हवे ते कपडे घाला, असा तो बदल होता. २०१५ च्या अखेरीस सेलिब्रिटी कंपनीने फॉर्मल नाइट बंद केली आणि 'संध्याकाळी नीटनेटके दिसा' एवढेच मागितले. व्हर्जिनच्या जहाजांवर कोणताच नियम नाही, फक्त एका रात्री सारे हौसेने लाल कपडे घालतात. कुनार्ड कंपनीने मात्र जुनी रीत जपली आहे. तिच्या 'क्वीन मेरी २' या जहाजावर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाताना गाला रात्री आजही असतात. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, बायकांनी समारंभाचा पोशाख करावा, अशी अपेक्षा असते.

मग जहाजावर सारे समान झाले का? तसे नाही. पूर्वी कोटावरून वर्ग कळत असे, आता खोलीच्या कार्डावरून कळतो. कितीतरी मोठ्या जहाजांवर महाग खोल्यांच्या प्रवाशांसाठी वेगळा हॉटेल-भाग, वेगळा डेक आणि वेगळा तलाव असतो. ते दार त्यांच्याच कार्डाने उघडते. बाहेर अर्ध्या चड्डीत फिरणारा माणूस कोणत्या मजल्यावरचा आहे हे दिसत नाही, पण दाराला ते ठाऊक असते. तेव्हा पोशाखाचा नियम सुटला म्हणजे मोठा इन्साफ झाला, असे मानण्याचे कारण नाही. भिंत एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली, एवढेच.

त्यातून एक चांगली गोष्टही झाली. भिंतीचे काम संपल्यावर पोशाखात जे उरले, ते जपण्यासारखे आहे. आपण दावतीला जाताना हातपाय धुतो, धुतलेले कपडे घालतो, अत्तर लावतो. यजमानाचा आणि सोबत बसणाऱ्यांचा तो अदब असतो. जहाजावरच्या फॉर्मल रात्रीकडेही याच नजरेने बघावे.

जाण्यापूर्वी एवढे करा

सूचनापत्र तिकीट काढण्याआधी वाचा. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री साधारण एक किंवा दोन असतात, लहान सफरीत एखादी असते किंवा नसतेही.

सूट शिवायची घाई करू नका. शेरवानी, बंदगळा, जोधपुरी हे समारंभाचेच पोशाख आहेत. साडी, शरारा, अनारकली आणि दुपट्ट्यासह चांगला सलवार-कमीज यांनाही तोच मान आहे. सर्वांत कडक समजली जाणारी कुनार्डसुद्धा देशी समारंभाचा पोशाख मान्य करते. भावाच्या निकाहात घातलेली शेरवानी पेटीत पडून असेल, तर तिला हवा द्या.

'टोपी घालू नये' असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका. ते बहुधा उन्हातल्या खेळाच्या टोपीबद्दल असते. हिजाबबद्दल किंवा अब्बांच्या टोपीबद्दल मनात शंका असेल, तर कंपनीला आधीच ईमेल करून विचारा आणि आलेले उत्तर मोबाइलमध्ये ठेवा. दारावर हुज्जत घालण्यापेक्षा ते सोपे पडते.

मुख्य जेवणघराच्या मनाईच्या यादीत सहसा काय असते? पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, अनवाणी पाय आणि संध्याकाळी अर्ध्या चड्ड्या. आपले बुजुर्ग असे काही घालून जेवायला बसतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. लक्ष ठेवायचे ते घरातल्या तरुण मुलांवर!

आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री नेऊ देत नाहीत. म्हणून चुरगळणार नाही असे कापड निवडा. जॉर्जेटची साडी कॉटनपेक्षा बरी. दागिने मोजकेच घ्या.

फॉर्मल रात्री फोटोग्राफर जागोजागी उभे असतात. फोटो काढला म्हणजे विकत घ्यावाच लागतो असे नाही आणि तो महाग असतो. घरातल्या बायकांना फोटो नको असेल तर नम्रपणे नाही म्हणावे, तो आपला हक्क आहे. कॅप्टनच्या स्वागत समारंभात ट्रे समोर आला तर फळांचा रस मागावा. त्यातही संकोच नको.

आणि खरोखरच त्या रात्री साधेपणाने जेवावेसे वाटले, तर बुफे खुला असतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही. फक्त तो निर्णय आपल्या मर्जीने घ्यावा, धाकाने नव्हे.

आपल्या दावतीही पाहा

जहाजवाल्यांना नावे ठेवताना एक नजर आपल्या घराकडेही टाकायला हवी. अलीकडे आपल्याकडच्या निकाह आणि वलीम्याच्या निमंत्रणांवरही पोशाखाचे हुकूम येऊ लागले आहेत. मेहंदीला हिरवे, हळदीला पिवळे, वलीम्याला फिकट रंग. ज्याच्या घरी चार मुली आहेत, त्या मामूने तीन दिवसांचे तीन रंग कुठून आणायचे? तो काहीतरी निमित्त सांगतो आणि येत नाही. फोटो एका रंगाचे येतात, पण त्यात मामूचे घर नसते.

पी अँड ओच्या बोटीवर जे दीडशे वर्षांपूर्वी घडत होते, तेच आपण आपल्या मांडवात घडवत आहोत. जहाजवाल्यांनी हळूहळू का होईना नियम सैल केले, आणि आपण नव्याने बांधतो आहोत. पाहुण्याने स्वच्छ कपड्यांत यावे, एवढी अपेक्षा पुरे आहे. पुढच्या महिन्यांत ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी कार्ड छापायला देण्यापूर्वी ती रंगांची ओळ एकदा पुन्हा वाचावी आणि आपल्या नात्यातल्या सर्वांत गरीब घराला ती वाचून काय वाटेल, याचा विचार करावा.