हंपीला निघताना बॅगेत काय भरावे?

बेंगळुरूत हौशी छायाचित्रकारांची वाण नाही. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की त्यांतील बरेच जण हंपीची वाट धरतात. रात्री हंपी एक्सप्रेसमध्ये बसावे, सकाळी होसपेटेला उतरावे. प्रवास सोपा, कठीण असते ती निघण्याआधीची संध्याकाळ. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड असा पसारा पलंगावर मांडलेला असतो आणि ‘असू द्या, लागलं तर?’ एवढ्या एका वाक्यावर सारेच बॅगेत जाते.

हे वाक्य मला मान्य नाही. मातंग टेकडीवरून दिसणारा सूर्योदय टिपायचा, तर पहाटेच्या अंधारात ओबडधोबड दगडी वाटेने चढावे लागते. ७०-२०० ची वजनदार लेन्स एकटीच सुमारे दीड किलो भरते. पाठीवर सात-आठ किलो असले की माणूस ‘उद्या पाहू’ म्हणतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच दृश्य हुकते. ट्रायपॉडचे तर विचारूच नका. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षित स्मारकांत तो परवानगीवाचून लावता येत नाही. मग तो खोलीवरच पडून राहतो.

१८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ या लष्करी अधिकाऱ्याने हंपीचे अवशेष टिपले, ते मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर. निगेटिव्ह छापील चित्राएवढीच मोठी, त्यामुळे कॅमेराही अवजड पेटीसारखा. एकेका चित्राला लागणारा वेळ पाहता कोठे उभे राहायचे, हे आधीच ठरवणे भाग होते. आपल्या बॅगेत चार लेन्स असल्या की नेमके हेच ठरवणे राहून जाते. विरूपाक्ष मंदिरात तर लेन्सही नाही: एका लहानशा छिद्रातून आलेल्या प्रकाशाने नऊमजली गोपुराची उलटी प्रतिमा आतल्या भिंतीवर उमटते!

मात्र हंपीजवळच्या दरोजी अस्वल अभयारण्यात जायचे असेल, तर हिशेब बदलतो. तेथे अस्वले निरीक्षण मनोऱ्यापासून दूर, खडकांवर येतात. लांब पल्ल्याच्या लेन्सवाचून हाती काळा ठिपकाच येईल. शेजारच्या संडूरच्या मराठी राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे (१९३१-२०११) हे कर्नाटकचे अर्थमंत्री होते आणि नामांकित वन्यजीव छायाचित्रकारही. त्यांच्यासारखे अस्वल टिपण्याची इच्छा असेल, तर लांब लेन्स जरूर न्यावी. पण मग मंदिरांसाठी एक छोटी लेन्स पुरे. मंदिरेच पाहायची असतील, तर २४-१०५ सारखी एकच झूम लेन्स सारे निभावून नेते. दोन्हींची पूर्ण तयारी एकाच खांद्यावर घेणे मला पटत नाही.

तसेच सहलीच्या आठवड्यात हप्त्यांवर नवी लेन्स घेणेही पटत नाही. बँकेच्या मासिकात असे लिहिणे काहींना विचित्र वाटेल, पण वर्षातून दोनदा लागणारी लेन्स बेंगळुरूत दिवसाच्या भाड्याने मिळते. ती एक दिवस आधी आणून लालबागेत हात बसवून घ्यावा. वाचलेल्या जागेत जादा बॅटरी, दुसरे मेमरी कार्ड, धुळीसाठी मऊ फडके आणि मातंगच्या वाटेसाठी एक टॉर्च सहज मावते.