पित्त म्हणून किती दिवस?

"काही नाही गं, पित्त झालंय!" केंदूर असो की शिक्रापूर, पोटात आग पडली की आपलं हे ठरलेलं उत्तर. एक गोळी घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं. वर घरच्यांचा शेरा, 'उपास कमी कर, चिडचिड कमी कर.' म्हणजे दुखणंही तिचं आणि दोषही तिचाच!

पण जठराची सूज आणि अल्सर यांमागे अनेकदा 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू असतो. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते, हे दाखवून दिलं. २००५ मध्ये त्यांना आणि डॉ. रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत हा जिवाणू कळतो. प्रतिजैविकांचा साधारण १४ दिवसांचा कोर्स पूर्ण केला, तर बहुतेक वेळा जातोही. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. अंगदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांचं दुखणंखुपणं तुम्ही बघता. एक तपासणी स्वतःसाठीही करून घ्या.