‘न्यू फोल्डर (७)’मध्ये काय आहे?

तुमच्या लॅपटॉपवर ‘न्यू फोल्डर (७)’ आहे ना? मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘खरंच फायनल’ही असणारच. हसू नका, मास कॉमच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे हे सगळे होते.

डॉक्युमेंटरीसाठी आम्ही सोलापुरात विडी कामगार बायकांचं शूट केलं. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे, चार दिवस, तीनशेच्या वर क्लिप्स. हाताने लावत बसायचा कंटाळा, म्हणून मी पायथनमध्ये पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक व्हिडिओची तारीख बघ, त्या तारखेचा फोल्डर नसेल तर बनव, फाइल त्यात कॉपी कर. बस्स. चहा पिऊन येईपर्यंत सगळं जागच्या जागी! मी जाम खूश. कार्डं फॉरमॅट केली आणि पुढच्या ग्रुपला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी एडिटला बसलो, तर एका आजींच्या मुलाखतीतली मधली दहा मिनिटं गायब. त्या नावाची फाइल होती, पण आत चहाची टपरी.

झालं असं, की कॅमेरा फाइलला चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ मधला आकडा एवढंच नाव देतो. दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच दिवशी एकाच नावाची क्लिप होती. आणि पायथनची साधी कॉपीची आज्ञा त्या नावाची फाइल आधीच आहे का, हे विचारत नाही. जुनीवर नवी लिहून मोकळी होते. स्क्रिप्टने मी सांगितलं तेच केलं होतं.

आता अशी स्क्रिप्ट एआयकडून मिनिटभरात मिळते. घ्या की, पण चालवण्याआधी वाचा. पहिल्यांदा फाइल हलवू नका, कुठली फाइल कुठे जाणार एवढंच स्क्रीनवर छापून बघा. नावापुढे कॅमेऱ्याचं नाव जोडा. आधीची आणि नंतरची फाइलसंख्या मोजा. मी मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. तारखेवरही डोळे झाकून विश्वास नको. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओच्या नावात असते ती तारीख शूटिंगची असेलच असं नाही. बऱ्याच फोनच्या व्हिडिओत आतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीचं पहाटे तीनचं शूट मग आदल्या दिवसाच्या फोल्डरात जाऊन बसतं.

आम्हाला कॅमेरा शिकवला, लाइट शिकवले, एडिटिंग तर दोन सेमिस्टर. शूट केलेलं सांभाळायचं कसं, याला एक लेक्चरही नव्हतं. तुमच्याकडेही नसेल तर मागा. कॉम्प्युटर सायन्सच्या एखाद्या मित्राला वडापाव खाऊ घालून दोन तास बसवलं तरी काम भागेल.

आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. आजींनी कुरकुर केली नाही, विड्या वळता वळता सगळं परत सांगितलं. पहिल्या वेळी मोर्चाचं सांगताना त्या मध्येच थांबल्या होत्या, सुपातल्या पानांकडे बघत राहिल्या होत्या. या वेळी थांबल्या नाहीत. ‘हे तर तुला सांगितलंय की गं,’ म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागल्या.